प्रश्न कोणाचा आणि लॅपटॉप कधी उघडायचा

तुमचं विचारणं थोडक्यात असं: हवेच्या प्रदूषणावर काम करणारी एक स्थानिक संघटना, काही कलाकार आणि काही तंत्रज्ञ अशा वीसेक जणांची पाच दिवसांची निवासी कार्यशाळा घ्यायची आहे. कोणाला बोलवावं, दिवस कसे आखावेत, आणि हॅकेथॉनसारखं, म्हणजे तंत्रज्ञांच्या सलग काही तासांच्या बनवण्याच्या स्पर्धेसारखं, शेवटच्या दिवशी टाळ्या आणि पुढच्या महिन्यात सामसूम असं होऊ नये म्हणून काय करावं? शेवटी जाहीर प्रदर्शन ठेवावं का, हेही तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं अशा कार्यशाळा आखतो आणि चालवतो, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

वेळापत्रकाकडे नंतर येतो. त्याआधी एक गोष्ट ठरवून टाका: काय बनवायचं आणि काय बनवायचं नाही, याबाबत शेवटचा शब्द कोणाचा? 'सगळे समान' हे उत्तर ऐकायला छान वाटतं, पण ते खरं नसतं. कार्यशाळा संपली की प्रोग्रॅमर नोकरीवर परत जातो, कलाकाराच्या खात्यावर एक काम जमा होतं, आणि संघटनेची माणसं त्याच कारखान्याच्या शेजारी राहायला परत जातात. आकडा चुकला, फोटो नको त्याच्या हाती पडला, कोणी खटला भरला, तर त्यांनाच निस्तरावं लागतं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. परिणाम ज्यांच्या अंगावर येणार, नकाराधिकार त्यांचा. हे पहिल्या दिवशी तोंडी सांगून भागत नाही. निमंत्रणाच्या पत्रातच लिहा. ज्यांना ते पटत नाही ते येत नाहीत, आणि ते बरंच होतं.

आता प्रश्न. तो संघटनेकडून एका-दोन वाक्यांत लिहून घ्या, आणि यासाठी निदान दोन महिने हाताशी ठेवा. 'हवेच्या प्रदूषणाबद्दल जागृती' हा प्रश्न नव्हे, तो निधीच्या अर्जातला मथळा आहे. 'रात्री उशिरा धूर सोडतात, तक्रार केली की अधिकारी सकाळी येतात आणि तेव्हा हवा स्वच्छ असते. हे दाखवायचं कसं?' हा प्रश्न झाला. त्यात वेळ आहे, जागा आहे, समोरचा पक्ष आहे, आणि आजवर काय करून पाहिलं तेही आहे. असा प्रश्न हातात आला की तिन्ही बाजूंना आपापलं काम दिसू लागतं. तो आला नाही तर तंत्रज्ञ सवयीने ॲप काढतो, कलाकार सवयीने मांडणशिल्प काढतो, आणि कार्यकर्ते सौजन्याने मान डोलावतात.

कधीकधी प्रश्न नीट लिहिल्यावर असंही लक्षात येतं की यंत्राची गरजच नाही, किंवा फार साधं यंत्र पुरेल. अमेरिकेत १९९०च्या दशकात तेलशुद्धीकरण कारखान्यांशेजारच्या रहिवाशांनी हवेचे नमुने घ्यायला चक्क प्लास्टिकची बादली वापरली. आत एक खास पिशवी, झाकणाला झडप. वास आला की झडप उघडून पिशवीत हवा भरून घ्यायची आणि ती प्रयोगशाळेत पाठवायची. यात इंटरनेट नाही, आणि शेजाऱ्याला दहा मिनिटांत शिकवता येतं. तुमच्या संघटनेला कदाचित एवढंच लागेल, त्याच्या जोडीला वासाची रोजनिशी: किती वाजता, कसला वास, वारा कुठून. तसं निघालं तर 'मग आम्ही काय करायचं?' म्हणून तंत्रज्ञ हिरमुसतील. हिरमुसू द्या.

सेन्सरबद्दल थोडं खोलात सांगतो, कारण हवेवरच्या प्रत्येक कार्यशाळेत घोडं इथेच अडतं. बाजारात मिळणारे स्वस्त पीएम २.५ सेन्सर, म्हणजे हवेतले अतिसूक्ष्म कण मोजणारे, त्या कणांवरून विखुरणारा लेझरचा प्रकाश मोजतात आणि त्यावरून वजनाचा अंदाज बांधतात. हवेत दमटपणा वाढला की कण पाणी धरून फुगतात आणि आकडा उगाच चढतो. धुक्याच्या पहाटे हा सेन्सर हमखास घाबरवतो. शिवाय तो कण मोजतो, वायू नाही. रात्रीचा त्रास सल्फर डायऑक्साइडचा असेल तर हा सेन्सर शांत बसून राहील, आणि समोरच्या वकिलाच्या हातात 'तुमच्याच यंत्राप्रमाणे हवा उत्तम' हा कागद पडेल. म्हणून कोणत्याही स्वस्त सेन्सरला आधी काही आठवडे अधिकृत मोजणी केंद्राच्या शेजारी ठेवून दोघांचे आकडे ताडून पाहावे लागतात. पाच दिवसांत ते होत नाही, म्हणजे ते कार्यशाळेच्या आधीच व्हायला हवं. श्टुटगार्टमधल्या काही नागरिकांनी २०१५ मध्ये घरी जोडता येणाऱ्या सेन्सरचं जाळं सुरू केलं. आज ते 'सेन्सर डॉट कम्युनिटी' या नावाने अनेक देशांत पसरलंय. त्यातून शिकण्यासारखं बरंच आहे. पण एका सेन्सरचा एका रात्रीचा आकडा हा पुरावा नसतो, हे आल्याआल्या सगळ्यांना कळलेलं बरं.

माणसं निवडताना तंत्रज्ञाला मी एकच प्रश्न विचारतो: तुम्ही बनवलेली कोणती गोष्ट दोन वर्षांनंतरही चालू आहे, आणि ती आता कोण चालवतं? या उत्तरावरून जे कळतं ते बायोडेटावरून कळत नाही. नुसते प्रोग्रॅमर गोळा करू नका. इलेक्ट्रॉनिक्सला हात लावणारा एक, आकडेवारीतला कच्चेपणा ओळखणारा एक असे हवेत. संघटनेकडून फक्त पदाधिकारी येऊ देऊ नका. रात्री फोन येतात ते ज्यांना, तक्रारी हाताने लिहितात ते जे, त्यांना बोलवा. बहुतेक वेळा त्या बायका असतात आणि त्यांना पाच दिवस घर सोडता येत नाही. मग मुलांची सोय करा, किंवा कार्यशाळाच त्यांच्या जवळ न्या. कलाकार निवडताना डोक्यात तयार कलाकृती घेऊन येणाऱ्याला टाळा. त्याला तुमच्या लोकांची गरज फक्त मजूर म्हणून असते.

कलाकारांवर जरा थांबतो. सर्वांत जास्त अन्याय इथेच होतो आणि कोणाच्या तो लक्षातही येत नाही. तंत्रज्ञ बनवणार, कार्यकर्ते माहिती देणार, आणि शेवटच्या दिवशी 'याचं एक छानसं पोस्टर करून द्या' म्हणून कलाकाराकडे वळायचं. ही खोगीरभरती झाली. कलाकाराचा उपयोग सुरुवातीला असतो, कारण तो इतरांना सुचणार नाही अशी मागणी करतो. १९६६ च्या ऑक्टोबरमध्ये न्यू यॉर्कमध्ये '९ इव्हनिंग्ज' नावाचे प्रयोग झाले. दहा कलाकार आणि बेल लॅब्ज या दूरसंचार-संशोधन संस्थेतले तीसेक अभियंते त्यात होते. चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्ग यांनी त्यात टेनिसचा सामना लावला. रॅकेटच्या दांड्यात मायक्रोफोन आणि छोटा ट्रान्समीटर, त्यामुळे प्रत्येक फटक्याचा घणाघाती आवाज सभागृहात घुमायचा आणि त्याबरोबर एक दिवा विझायचा. सगळे दिवे विझले की सामना संपला. मग पूर्ण अंधारात शेकडो माणसं उभी राहिली, आणि प्रेक्षकांना ती फक्त इन्फ्रारेड कॅमेऱ्यामुळे पडद्यावर दिसली. 'फटका मारला की अंधार वाढला पाहिजे' ही मागणी कोणत्याही अभियंत्याच्या मनात आली नसती. आणि ती पुरी करणं कोणत्याही चित्रकाराला एकट्याने जमलं नसतं. बाकी, त्या प्रयोगांत यंत्रं बिघडली, प्रेक्षक ताटकळले, समीक्षकांनी झोडपलं. तरीही त्याच गोतावळ्यातून बिली क्लूव्हर, फ्रेड वाल्डहॉअर, राउशेनबर्ग आणि रॉबर्ट व्हिटमन यांनी 'एक्सपेरिमेंट्स इन आर्ट अँड टेक्नॉलॉजी' ही संस्था उभी केली.

तुमच्या विषयाला आणखी जवळचं उदाहरण २००६ चं. कलाकार बियाट्रिझ द कॉस्टा यांनी कॅलिफोर्नियात 'पिजनब्लॉग' केला. हवा मोजणारा सेन्सर, जीपीएस आणि मोबाइलचा भाग एका चिमुकल्या पाठपिशवीत घालून ती घरी परतणाऱ्या कबुतरांच्या पाठीवर बांधली. पक्षी उडत असताना आकडे नकाशावर येत. ऐकायला गंमत वाटते, पण त्यामागचा मुद्दा गंभीर होता: सरकारी केंद्रं ठरावीक जागी खिळलेली असतात, मधल्या हवेचं काय? मला त्यातली खरी शिकवण कबुतरवाल्यांची वाटते. पक्ष्याला किती वजन पेलतं, किती सराव लागतो, कधी उडवायचं नाही, हे त्यांनाच ठाऊक होतं आणि यंत्राला त्यानुसार आकसावं लागलं. तरीही प्राणिहक्क संघटना 'पेटा'ने हरकत घेतलीच. ही बाजू आखणी करतानाच विचारात घ्यावी लागते, बातमी छापून आल्यावर नव्हे.

आता पाच दिवस. पहिल्या दिवशी लॅपटॉप बंद. हा नियम मी कोणासाठीही मोडत नाही. जागा पाहायला जा, आणि त्रास रात्रीचा असेल तर रात्रीच जा. संघटनेच्या लोकांनी फिरवायचं आणि इतरांनी फक्त विचारायचं, सुचवायचं काहीच नाही. 'तुम्ही असं का नाही करत?' हे वाक्य पहिल्या दिवशी वर्ज्य. ब्रिटनमधल्या आर्टिस्ट प्लेसमेंट ग्रुपने १९६०च्या दशकापासून कलाकारांना कारखान्यांत आणि सरकारी खात्यांत बसवलं तेव्हा त्यांचा आग्रह असायचा की काय बनवायचं हे आधी ठरवलेलं नसावं. पाच दिवसांच्या कार्यशाळेत ती चैन महिनोन्महिने परवडत नाही, पण एक अख्खा दिवस तरी द्याच.

दुसरा दिवस कागद आणि पुठ्ठ्याचा. ही पद्धत स्कँडिनेव्हियातल्या कामगार चळवळीकडून आली. १९८१ ते १९८५ या काळात 'युटोपिया' नावाच्या प्रकल्पात छापखान्यातले कामगार आणि संगणकतज्ज्ञ एकत्र बसले. वर्तमानपत्राची पानं संगणकावर लावायची तर यंत्रं कशी हवीत, हे ठरवायचं होतं, आणि तशी यंत्रं तर अजून यायची होती. मग त्यांनी पुठ्ठ्याचं खोकं घेतलं, त्यावर 'लेझर प्रिंटर' असं लिहिलं आणि ते टेबलावर ठेवून कामाची पाळी खेळून पाहिली. कोण कुठे उभं राहील, कोणाचा हात कुठे अडखळेल, कोणाचं काम जाईल? पुठ्ठ्याचा मोठा गुण असा की तो कोणालाही कापता येतो. स्क्रीनवर काही हललं की खोलीतली अर्धी माणसं गप्प बसतात, कारण त्यांना वाटतं हे आता झालंच आहे.

याचं एक दृश्य मी अनेकदा पाहिलंय. एक गट रहिवाशांच्या तक्रारींचा नकाशा करतो. मोठ्या कागदावर वस्ती काढतात, प्रत्येक तक्रारीला एक लाल टाचणी. तंत्रज्ञ खुश असतो, कारण जीपीएसचे आकडे नेमके आहेत. मग कार्यकर्ती पुढे वाकते, एका टाचणीवर बोट ठेवते आणि म्हणते, "हे घर मला माहीत आहे. तक्रार करणारीचा नवरा त्याच कारखान्यात कामाला आहे." पुढची पाच मिनिटं कोणी बोलत नाही. कागदावर ती टाचणी उपटता येते. सर्व्हरवर चढलेला नकाशा तोवर कोणीतरी उतरवून घेतलेला असतो. उपाय अवघड नाही. अक्षांश-रेखांशाचे दशांशानंतरचे चार अंक ठेवले तर जागा दहाएक मीटरपर्यंत कळते. दोनच ठेवले तर साधारण एक किलोमीटरचा पट्टा उरतो. किंवा टाचण्यांऐवजी गल्लीवार बेरीज दाखवा. पण हा निर्णय कोडच्या आधी व्हावा लागतो, आणि तो त्या कार्यकर्तीच्या तोंडून आलेला असला तर त्यावर वाद होत नाही.

तिसरा आणि चौथा दिवस बांधणीचे. चार-पाच जणांचे गट करा आणि प्रत्येक गटात तिन्हीकडचं निदान एक माणूस ठेवा. इथे फार हस्तक्षेप करू नका. फक्त चौथ्या दिवशी दुपारी कार्यशाळेत नसलेल्या चार-सहा शेजाऱ्यांना बोलवून जे झालंय ते त्यांच्या हातात द्या आणि बनवणाऱ्यांना समजावून सांगायला बंदी करा. पाचव्या दिवशी काहीही बनवायचं नाही. तो दिवस लिहिण्याचा, वाटून घेण्याचा आणि काय टाकून द्यायचं ते ठरवण्याचा.

सुरक्षेचं एक सत्र पहिल्याच संध्याकाळी घ्या. फोटो कोणाचे काढायचे, नावं कुठे जाणार, मोबाइलवरची गटचर्चा किती दिवसांनी आपोआप पुसली जाणार, हे सगळं त्यात आलं. मोबाइलच्या फोटोत जागेची नोंद दडलेली असू शकते. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ती गळून पडते, पण तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तशीच जाते. पुरावा म्हणून ती नोंद हवी असते आणि साक्षीदाराच्या दृष्टीने ती धोक्याची असते, त्यामुळे मूळ फोटो एका विश्वासू माणसाकडे आणि बाकीच्यांकडे नोंद काढलेली प्रत, अशी विभागणी करा. कायद्याचा विचार फक्त कार्यकर्त्यांनी करायचा असतो असं समजू नका. 'क्रिटिकल आर्ट एन्सेम्बल' या अमेरिकन गटाचे स्टीव्ह कर्ट्झ यांच्या घरी २००४ मध्ये पोलिसांना कलाकृतीसाठी ठेवलेलं प्रयोगशाळेचं साहित्य दिसलं. तिथून सुरू झालेलं प्रकरण २००८ मध्ये न्यायालयाने आरोप फेटाळेपर्यंत चाललं, आणि त्यांना जिवाणूंचे नमुने मिळवून देणारा शास्त्रज्ञही त्यात ओढला गेला. एखादा वकील अर्धा दिवस तरी खोलीत असू द्या.

मालकीचा प्रश्न गोड बोलून पुढे ढकलला जातो आणि नंतर मैत्री मोडतो. तंत्रज्ञाला वाटतं सगळं खुलं असावं. कलाकाराचं पोट त्याच्या नावावर चालतं. संघटनेला भीती असते की आपली माहिती उद्या कोणा सल्लागार कंपनीच्या अहवालात दिसेल. तिघांचंही बरोबर आहे, म्हणून सगळ्यावर एकच परवाना लावू नका. कोड खुल्या परवान्याखाली, चित्रं आणि ध्वनी नावासह, आणि रहिवाशांनी दिलेली माहिती संघटनेच्या ताब्यात, तिच्या परवानगीशिवाय कुठेही नाही. एका पानाचा करार दुसऱ्या दिवशी सकाळी सह्यांसह व्हावा. श्रेयाची यादीही त्याच पानावर, आणि त्यात रात्री गाडी चालवणारा आणि दुभाषी हे दोघेही.

पैशांबद्दल थोडक्यात. मानधन सगळ्यांना सारखं, प्रवासखर्च आगाऊ. पगारी नोकरीतल्या तंत्रज्ञाला मानधन नको असेल तर तो ते परत देऊ शकतो, पण रोजंदारी बुडवून आलेल्या माणसाला मागायला लावू नका. आणि एकूण रकमेचा तिसरा हिस्सा तरी कार्यशाळेनंतरच्या सहा महिन्यांसाठी बाजूला काढा. निधी देणारे यावर कुरकुर करतात, कारण फोटो पाच दिवसांतच निघतात. तरी काढा. सेन्सर बिघडणार, सर्व्हरचं भाडं भरायचं असणार, कोणीतरी दर आठवड्याला आकडे पाहायचे असणार. या प्रत्येक कामापुढे पाचव्या दिवशी एका माणसाचं नाव लागलं पाहिजे. नाव लागत नसेल तर ते काम सगळ्यांसमोर बंद झाल्याचं जाहीर करा. लटकत ठेवलेल्या प्रकल्पाने संघटनेचा जो वेळ खाल्ला जातो तो बंद केलेल्या प्रकल्पाने नाही.

कामं कार्यशाळेनंतर टिकतात ती कशी, याची दोन रूपं मला पटतात. माद्रिदच्या मेडियालॅब-प्रादो या सांस्कृतिक केंद्राने २००६ पासून 'इंतेराक्तिवोस' नावाच्या कार्यशाळा घेतल्या. आधी कल्पना मागवायच्या, थोड्या निवडायच्या, आणि मग त्या कल्पनांवर राबायला सहकारी वेगळे मागवायचे. आलेल्याला दुसऱ्याच्या कल्पनेवर काम करायचंय हे माहीत असल्यामुळे अहंकाराचे तंटे कमी होतात. तिथल्याच २००९ च्या एका कार्यशाळेत भेटलेल्या लोकांनी 'हॅकटेरिया' हे जाळं सुरू केलं, आणि त्यातून स्वस्त प्रयोगशाळा-उपकरणांच्या कृती अनेक देशांत पोहोचल्या. दुसरं रूप 'पब्लिक लॅब' या संस्थेचं. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात तेलगळती झाली तेव्हा किनाऱ्यावरच्या रहिवाशांनी फुगा किंवा पतंगाला साधा कॅमेरा बांधून वरून फोटो काढले आणि ते जोडून स्वतःचे नकाशे केले. कॅमेऱ्याला खोबण म्हणून कापलेली प्लास्टिकची बाटली. संस्था नंतर आकाराला आली, आधी हाताला लागेल ते साहित्य आणि ते कसं जोडायचं याची चित्रमय पुस्तिका होती. तुमच्या पाचव्या दिवसाचं लिखाण तसंच असावं: खोलीत नसलेल्या माणसाला पाहून जोडता येईल असं.

राहिलं प्रदर्शन. शेवटच्या दिवशी जाहीर प्रदर्शन ठेवू नका. ते ठेवलं की तिसऱ्या दिवसापासून सगळे प्रदर्शनासाठी काम करू लागतात आणि संघटनेचा प्रश्न बाजूला पडतो. त्याऐवजी पाचव्या संध्याकाळी वस्तीतल्या लोकांना बोलवा, अर्धवट आहे ते अर्धवट म्हणूनच दाखवा आणि हरकती लिहून घ्या. जाहीर प्रदर्शन करायचंच असेल तर तीन-चार महिन्यांनी करा. तोवर आकडे ताडून झालेले असतील, वकिलाने पाहिलेलं असेल, आणि कोणती टाचणी नकाशावर ठेवायची हे ठरलेलं असेल. तारीख संघटनेला ठरवू द्या. त्यांची सुनावणी किंवा मोर्चा कधी आहे हे त्यांनाच ठाऊक असतं.